गंगेत सोडलेली सम

काशीयात्रा करून आलं की मावंदं घालायचं, आणि मावंद्याला आलेल्या बायकांनी पानावर बसायच्या आधी विचारायचं, "काय सोडलंत हो काशीला?" ही आमच्या वाईची रीत. काशीला गेलं की आवडीचा एखादा जिन्नस जन्माचा सोडायचा असतो. आमच्या आळीत कुणी फणस सोडलाय, कुणी वांगं. शेजारच्या अंबूताईंनी चहा सोडला होता, तो घरी पोचायच्या आत इटारसीच्या फलाटावर परत धरला. मी सीताफळ सोडलं, त्यावर कुणी काही बोललं नाही. पण "आणि मास्तरांनी?" असं विचारल्यावर मी खरं ते सांगितलं, आणि तेव्हापासून घरी बायकांची रीघ लागली आहे. रोज तेच किती वेळा सांगू? घसा बसला माझा. म्हणून एकदाचं लिहून काढते. ज्यांना काशी घडली नाही त्यांनी बसल्या जागी वाचावं, पुण्य किती लागेल ते मला ठाऊक नाही.

आधी भांडण सांगते, कारण आम्ही गेलो ते भांडणापायी.

आमचे हे शाळामास्तर, आता पेन्शनीत. तरुणपणी संस्कृत शिकायला म्हणून काशीला राहिले ते मंगला गौरीच्या देवळाजवळ धोंडूशास्त्र्यांच्या घरी. शास्त्र्यांचं घराणं मूळचं आपल्याकडचं, पण कित्येक पिढ्या काशीत रुजलेलं. दोघं एका वयाचे आणि दोघांनाही गाण्याचं वेड. सकाळी व्याकरण, संध्याकाळी एका म्हाताऱ्या धृपदियाकडे तालीम. धोंडूशास्त्री गायचे, हे पखवाज वाजवायचे. शास्त्र्यांच्या आईनं ह्यांना पोटच्या पोरासारखं जेवू घातलं. पुढं आमचं लग्न झालं, संसार झाला, पण काशीचं पत्र आलं की ह्यांना जेवणाची शुद्ध नसायची. मी त्या पत्रांना सवत म्हणायची.

आणि असं हे मैत्र एका शब्दावरून फुटलं. शब्द कोणता, तर सम.

तालाचं आवर्तन फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर येतं, गाणारा आणि वाजवणारा तिथं एकदम पोचतात, ऐकणाऱ्यांच्या माना हलतात, ती सम. एवढं आमच्या भजनी मंडळातल्या टाळकऱ्यालाही कळतं. पण ह्यांनी पेन्शन घेतली, रिकामपणी जुने ग्रंथ उपसले, आणि पुण्याच्या एका मासिकात लेख लिहिला की, सम ही जागाच नव्हे! जुन्या संस्कृत ग्रंथांत सम म्हणजे गाणं आणि ताल एकदम सुरू होणं. एक आधी निघालं आणि दुसरं मागून आलं तर त्याला अतीत, अनागत अशी वेगळी नावं. म्हणजे सम हे त्या दोघांमधलं नातं. पहिल्या मात्रेला सम म्हणण्याची चाल पुढच्या लोकांनी अडाणीपणानं पाडली. धोंडूशास्त्र्यांनी काशीहून लिहिलं की, शब्द पोथीत राहत नाही, तोंडात राहतो. बापजाद्यांपासून गाणारे ज्या जागेला सम म्हणत आले, ती सम, मग पोथी काही म्हणो. त्यावर ह्यांनी मासिकात उत्तर छापलं, आणि त्यात एक वाक्य घातलं: 'आमचे काशीस्थ मित्र मान हलवण्यालाच शास्त्र समजतात.' मी म्हटलं होतं, अहो, एवढं वाक्य काढा. काढलं नाही. झालं! काशीची पत्रं बंद. मी सवतीवर उगाच जळत होते असं वाटायला लागलं.

त्यानंतर कित्येक वर्षांनी, ह्या पौषात, धोंडूशास्त्र्यांच्या बायकोचं, माईंचं, मला कार्ड आलं. शास्त्र्यांना एका डोळ्यानं दिसेनासं झालंय, नानांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, नाव काढत नाहीत, पण घरी चुडा-मटर केला की म्हणतात, हा नानाला फार आवडायचा. एकदा या. कार्ड मी मोठ्यानं वाचलं. हे आत गेले आणि ट्रंक काढली. मला वाटलं, पाझर फुटला. बघते तर ट्रंकेत ग्रंथांमधून उतरवलेल्या उताऱ्यांचा हा गठ्ठा! "आता समोरासमोर निकाल लावतो," म्हणाले.

कर्म माझं! दोघांची साठी उलटलेली, एकाचा डोळा गेलेला, पुन्हा काशी घडायची नाही. ह्या खेपेला सांधलं नाही तर ते मैत्र कायमचं गेलं. आणि आमचे हे निघाले होते निकाल लावायला. मी मनात म्हटलं, बघू.

प्रवासाचं काय सांगायचं? तिसऱ्या वर्गात माणसं भरायची आणि पहिल्या वर्गात गोरा साहेब एकटा पाय पसरून झोपायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. एवढंच सांगते, जबलपुरास हे पाणी भरायला उतरले आणि गाडी हलल्यावर धावत आले. हमालानं ह्यांना ढकलून आत घातलं. हे जन्मभर असेच. जेवायला उशीर, शाळेत उशीर, लग्नात मुहूर्त टळत आला तेव्हा बोहल्यावर. मी ह्यांना अतीत म्हणते, तेवढा एक शास्त्रातला शब्द माझ्या उपयोगी पडला आहे.

अमृतराव घाट

आमचे क्षेत्रोपाध्ये गोविंदभट ह्या घाटावरच राहतात. पुण्याच्या अमृतरावांनी बांधलेला घाट, त्यामुळे मला माहेरी आल्यासारखं वाटलं. आमच्या वाईला दक्षिण काशी म्हणतात, आणि मीही जन्मभर तोऱ्यानं म्हणत आले. इथल्या पायऱ्या बघितल्यावर गप्प बसले. पण पाणी आमच्या कृष्णेचं स्वच्छ, हे गोविंदभटांना ऐकवल्याशिवाय राहवलं नाही. ते म्हणाले, "वहिनी, गंगा मैली होत नाही, आपली नजर मैली होते." असेल बाई. मी नेसूचं वर धरून जपून उतरले.

थंडी अशी की दातावर दात वाजत होते. मी माझं सीताफळ सोडून बाहेर आले आणि हे कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. गोविंदभट पायरीवर, डोक्याला कानटोपी, नाकातून वाफ. त्यांनी ह्यांच्या ओंजळीत पाणी घालून विचारलं, "मास्तर, काय सोडणार?"

"कारलं," हे म्हणाले.

गोविंदभटांनी मंत्र थांबवला. "दक्षिणेतून येणारा दर एक पुरुष कारलं सोडतो! ह्या घाटाखाली आता कारल्याचा मळा झाला असेल. गंगामैयाच्या तोंडाला चव आहे की नाही? पसंतीची चीज सांगा. जल्दी नाही, फुरसतीनं सोचा."

फुरसतीनं कसलं! मागं गुजराथ्यांची रांग, तीही पाण्यात. "चलो महाराज, चलो," चाललेलं. हे म्हणाले, दुधी. गोविंदभटांनी मान हलवली. हे म्हणाले, एरंडेल. तेव्हा मी उताऱ्यांचा गठ्ठा घेऊन पुढं झाले. तो मी सकाळीच ट्रंकेतून काढून पदराखाली आणला होता.

"ह्यांना सगळ्यात आवडतं काय ते मी सांगते," मी म्हटलं. "सम. गाण्यातली सम. तो शब्द सोडायला सांगा. जन्मात पुन्हा उच्चारायचा नाही."

"अगं, तू वेडी आहेस का?" हे पाण्यातून ओरडले.

"हो म्हणा. नाही तर हा गठ्ठा आत्ता गंगेला मिळतो, आणि मग निकाल कशाच्या जोरावर लावाल ते बघते मी."

गोविंदभट एकदम फिस्सकन हसले. मी विचारलं, ह्यात हसण्यासारखं काय? ते म्हणाले, "काही नाही, वहिनी. आजकाल गंगामैयाला गाण्याचा शौक लागलाय." मला काही उमगलं नाही. तोवर ह्यांच्या ओंजळीतलं पाणी थरथरायला लागलं होतं, थंडीनं की रागानं देव जाणे. मागचे गुजराथी आता ह्यांना नावं ठेवत होते. गोविंदभटांनी झटक्यात संस्कृत जुळवलं, त्या शब्दाच्या उच्चाराचा त्याग करतो, ऐकण्याला दोष नाही, दुसऱ्यानं म्हणण्याला दोष नाही. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कृष्णा असती तर मी उडीच टाकली असती. आणि पाणी सोडलं.

आता आमचे हे कसेही असोत, गंगेत उभं राहून बोललेला शब्द मोडायचे नाहीत. उलट तो दुपटीनं पाळायचे. त्याच दिवशी त्याची चुणूक दिसली.

गल्ल्यांमधून

हलवायाच्या दुकानापाशी ह्यांना समोसा हवा होता. उभे राहिले आणि बोट दाखवायला लागले. हलवाई जिलबी उचलायचा, हे मान हलवायचे. कचोरी उचलायचा, पुन्हा मान. मी म्हटलं, अहो, तोंड आहे ना? तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या पदार्थाच्या नावात सुरुवातीलाच तो आहे." अगोबाई! म्हणजे आता 'समजलं'ही म्हणायचं नाही, 'समई'ही म्हणायची नाही! संध्याकाळी गोविंदभटांना जाऊन विचारलं. त्यांनी निर्वाळा दिला की, समोसा मुसलमानी मुलखातून आला, त्याला संकल्प लागू नाही. तरीही ह्यांनी काशीत असेतो बोटानंच मागितला.

दुसरी गंमत मलइयोची. थंडीत दूध दवात ठेवून घुसळतात आणि नुसता केशरी फेस मातीच्या कुल्हडात भरून देतात. एवढा थोरला कुल्हड, चमचा तोंडात घालावा तो आत काहीच नाही, नुसती गोड वासाची हवा. मी म्हटलं, हे तुमच्या लेखासारखं आहे. हे हसले नाहीत, पण कुल्हड मात्र दोन संपवले.

इथल्या लोकांना घाई म्हणून कशाची नाही. आमच्याकडे पाहुणा दाराशी आला की आधी काम विचारतात, मग पाणी. इथं पाणी, मग गूळ, मग पान, मग तुमच्या गावचा पाऊस, आणि काम विचारायची वेळ येईतो माणूस ते विसरून जातो. हे मला आवडलं. ह्यांनाही इथल्या हवेनं थोडा विसर पडावा, असं मी दशाश्वमेधावर फूल वाहून मागितलं.

मंगला गौरी

नावेनं गेलो. अहिल्याबाईंच्या घाटावर एक साहेब तंबूएवढी टोपी घालून, तीन पायांच्या घोडीवर पेटी ठेवून, न्हाणाऱ्या लोकांचे फोटो काढत होता. त्याला पाहून आमच्या नावाड्यानं खांद्यावरचा पंचा नीट केला आणि छाती काढली. पंचगंगेला उतरलो आणि पायऱ्या चढायला लागलो. बाई बाई, त्या पायऱ्या! गुडघ्यांनी माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली. गठ्ठा काखेत घेऊन हे मागं राहिले होते, आणि मी वर पोचून हुश्श केलं तरी ह्यांचं डोकं खालीच.

दाराशी धोंडूशास्त्री उभे होते. उंच, वाळलेले, अंगावर घोंगडी, एक डोळा दुधासारखा. मला वाटत होतं, दोघं आता गळ्यात पडतील, मी रडेन, माई रडतील. मी रुमालसुद्धा हाताशी ठेवला होता.

"ये," शास्त्री म्हणाले.

"आलो," हे म्हणाले.

बस्स! सतरंजीच्या दोन टोकांना दोघं बसले. मी रसोईत गेले. माईंचं घर स्वच्छ, बोलणं गोड आणि अर्धं हिंदी. "तुम्ही बिलकुल संकोच करू नका, वहिनी, आपलंच घर हाय. मी तरकारी चिरते, तुम्ही चुल्ह्यापाशी बैठा, ठंड फार हाय." चुडा-मटर म्हणजे आपले पोहेच, पण हिरव्यागार मटारात, तुपावर, आल्याचा झणका आणि वर गरम मसाला. आपल्या पोह्यांना बोल लावत नाही, पण मी तीनदा घेतला.

आमचा दोघींचा कान बाहेर. बाहेर काय चाललं होतं? राजघाटचा पूल किती लांब. पोटाला इसबगोल चांगला की सोनामुखी. हे विचारतात, "यंदा पाऊस कसा आहे?" पौष महिन्यात! मग शास्त्री हळूच म्हणाले, "तुझा तो लेख, नाना. त्यात तू त्या... त्या जागेबद्दल म्हणतोस..."

"ती जागा नव्हे," हे म्हणाले. "ते... ते हे आहे."

"हे म्हणजे?"

"तेच ते."

"तेच ते म्हणजे कुठलं? नाव घे ना."

"मी कशाला घेऊ? तू घे. का तुला त्या शब्दाचा इतका राग आहे की तोंडानं म्हणवत नाही?"

"मला राग? वा! माझ्या घरी येऊन, माझ्या सतरंजीवर बसून, तू त्याचं नाव टाकलंस आणि मला राग?"

आवाज चढले. माझ्या हातातला झारा थांबला. ह्यांचा आवाज चढला की पुढं काय होतं ते मला ठाऊक. आणि तसंच झालं. "येतो मी," हे म्हणाले, आणि उठल्याचं सतरंजीच्या सरकण्यावरून कळलं. एवढ्या लांब येऊन, गंगेत उभं करून, सगळं पाण्यात! माझे डोळे भरून आले.

"हे राम," माई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी मुद्दाम तो शब्द सोडला आणि तरी तंटा झालाच."

"सोडला म्हणजे?"

"वहिनी, तुमचं येणार म्हणून कार्ड आलं ना, तर संक्रांतीला ह्यांनी गंगेत उभं राहून तो शब्द छोडून दिला. आता कधीच म्हणणार नाही. मला म्हणाले, माझंच बरोबर हाय, पण नाना येतोय, पुन्हा झगडा नको."

"कुणी सोडायला लावला?"

"कुणी नाही. आपण होऊन. गोविंदभट होते संकल्पाला."

गोविंदभट! तेव्हा मला त्या फिस्सकन हसण्याचा उलगडा झाला. मेला सगळं जाणत होता! मी हसू की रडू, काही सुधरेना. झारा घेऊन तशीच बाहेर आले. हे दाराशी वाकून जोडे शोधत होते. ते मी आल्या आल्या पाण्याच्या घागरीमागं ठेवले होते, ह्यांची खोड माहीत होती म्हणून.

"बसा!" मी म्हटलं. "जोडे मिळायचे नाहीत. आणि शास्त्रीबुवा, तुम्हीही ऐका. ह्यांनी परवा अमृतराव घाटावर तो शब्द सोडला. तुम्ही संक्रांतीला सोडलात. आता दोघांपैकी कुणाच्या तोंडून तो निघायचा नाही. भांडा आता कसं भांडायचं ते!"

झाऱ्यावरचं तूप सतरंजीवर गळलं. शास्त्री आपल्या चांगल्या डोळ्यानं ह्यांच्याकडे बघत राहिले. हे दारातच उभे. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "धोंडू, तू आपण होऊन सोडलास. मला हिनं ढकललं."

"ढकललं तरी पडलास गंगेतच ना?" शास्त्री म्हणाले. "बस."

हे सतरंजीच्या टोकाला न बसता मधोमध जाऊन बसले. "ते मान हलवण्याचं वाक्य," म्हणाले, "ते मी काढायला हवं होतं."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," मी म्हटलं. म्हणणारच! इतकी वर्षं वाट पाहिली होती मी ह्या दिवसाची.

शास्त्र्यांनी ह्यांचा हात धरला. मी रुमाल काढला, माईंनी पदर. आत चुलीवर मटार करपले.

पलीकडचा काठ

काशीच्या लोकांना मन मोकळं करायचं असलं की ते नदीपलीकडे जातात. तिकडे घाट नाहीत, गल्ल्या नाहीत, नुसती वाळू. तिथं न्हायचं, गोवऱ्यांवर बाट्या भाजायच्या, वांगी-बटाटे भाजून चोखा करायचा, आणि ऊन कललं की परतायचं. दुसऱ्या दिवशी शास्त्र्यांनी बेत केला. कारण आदल्या संध्याकाळी दोघांनाही बोलायला विषय सापडेना. इतकी वर्षं ज्या एका शब्दावर अडून बसले तोच दोघांनी बुडवलेला. शास्त्री म्हणाले, "नाना, बोलता येत नाही तर वाजव. तुझा पखवाज आहे अजून माझ्याकडे."

गोधडीत गुंडाळलेला पखवाज नावेत चढला. हे त्याच्याकडे असे बघत होते, जसं एखादा मुलगा लपवलेल्या प्रगतिपुस्तकाकडे बघतो. लेख लिहायला लागल्यापासून ह्यांनी वाद्याला बोट लावलं नव्हतं.

वाळूवर पोचल्याबरोबर खटका उडाला. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय तो घुमत नाही. माईंनी बाट्यांपुरती कणीक मोजून आणलेली. ह्यांनी न विचारता परातीतला मोठा गोळा उचलून पखवाजाला थापला. माई ओरडल्या, "अहो नाना, ती बाटी हाय!" हे म्हणाले, "वहिनी, कणीक अंमळ सैल आहे." म्हणजे घेतली ती घेतली, वर नावं ठेवली! जेवताना एक बाटी कमी पडली, ती ह्यांच्या वाटणीची समजून मी ह्यांना दिली नाही.

मग शास्त्री गायला बसले. समोर नदी, नदीपलीकडे सगळी काशी उन्हात पसरलेली. आवाज थकलेला होता, पण सूर लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. बारा मात्रांचा चौताल. ह्यांचे हात सुरुवातीला बिचकले. पहिल्या फेऱ्यात शास्त्री पहिल्या मात्रेवर पोचले आणि ह्यांची थाप त्यांच्यामागून लंगडत आली. दुसऱ्या फेऱ्यात तेच. अतीत! मी दातांखाली पदर धरला. ह्यांच्या कपाळावर थंडीत घाम. मला वाटलं, आता हे हात आखडतील आणि म्हणतील, राहू दे.

तिसऱ्या फेऱ्यात ह्यांनी एक जुना तुकडा घेतला, तो लांबला. मला ताल कळत नाही, पण ह्यांना उशीर होतोय हे मला जबलपुरालाही कळतं आणि वाळूतही कळतं. शास्त्र्यांनी शेवटचा सूर घेतला होता, एका श्वासात जागेवर यायचं होतं. ते आले नाहीत. त्यांनी डोळा मिटला आणि तो सूर धरून ठेवला. वाढवला. म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला, तरी सोडेनात. गुरूच्या तालमीत असं केलं असतं तर गुरूनं छडी मारली असती. हे धापा टाकत आले, आणि थाप पडली, आणि त्याच क्षणी शास्त्र्यांचं अक्षर पडलं. दोघं एकदम.

माझी मान आपोआप हलली. माईंची हलली. नावाडी वाळूत पहुडला होता तो उठून बसला आणि म्हणाला, "वाह गुरू!"

आणि दोघं म्हातारे तोंड उघडून एकमेकांकडे बघत राहिले. शब्द अगदी जिभेवर आलेला, आणि म्हणायची सोय नाही! ह्यांनी काकुळतीनं माझ्याकडे पाहिलं. मग मीच ओरडले, वाळवंटभर ऐकू जाईल असं, "सम!"

"हां, सम, सम!" माईंनी टाळी वाजवली.

दोघांचे चेहरे उजळले, उपास सुटल्यासारखे. ह्यांना दम कुठला! धाप लागलेली असतानाच म्हणाले, "बघ धोंडू, दोघं एकदम आलो. म्हणजे ते नातं आहे. तेच मी लिहिलं होतं."

"अरे, पण यायला जागा होती म्हणून आलो ना? जागा नसती तर कुठं आला असतास?"

"जागेला काय... अगं, तो शब्द सांग जरा."

"सम," मी म्हटलं.

"जागेला ही म्हणते ते नाव नंतर पडलं."

"नंतर तर नंतर, पण पडलं ना? माई, तू बोल."

"सम," माई म्हणाल्या, आणि बाट्या उलटायला लागल्या.

असं ऊन कलेपर्यंत चाललं. भांडण तेच, जुनं. फक्त मधूनमधून आम्हा दोघींना हाक यायची आणि आम्ही वांगी सोलता सोलता तो शब्द पुरवायचो. उताऱ्यांचा गठ्ठा शास्त्र्यांनी ठेवून घेतला. म्हणाले, माई वाचून दाखवील, उतारे चांगले आहेत, लेख वाईट आहे. हे म्हणाले, बरं.

स्टेशनावर निरोप द्यायला शास्त्री आले तेव्हा गाडीला अवकाश होता. ती हलली तेव्हाही हे खाली उभे राहून त्यांच्याशी बोलत होते. मी दारातून हाका मारत होते, आणि शास्त्र्यांनीच ह्यांना ढकलून आत घातलं.

परत वाई

पत्रं पुन्हा सुरू झाली आहेत. सवत घरी नांदायला आली, आणि मी तिला ओवाळून आत घेतली. लिहिण्याला संकल्पाची आडकाठी नाही, असं गोविंदभटांनी कळवलं आहे, तरी दोघंही पत्रात त्या शब्दाच्या जागी टिंब काढतात. माईंना आणि मला ती टिंबं वाचून दाखवावी लागतात.

परवा इथल्या शाळेत नवे आलेले तरुण मास्तर पेटी शिकताहेत म्हणून ह्यांच्याकडे आले. पुण्याचं ते जुनं मासिक हातात होतं. ओटीवर बसून विचारू लागले, "नाना, सम म्हणजे नेमकं काय? जागा की नातं?"

हे घुटमळले, आणि माजघराकडे बोट करून म्हणाले, "तिला विचारा."

मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं. म्हटलं, "हे बघा, काशीत गंगेपलीकडे एक म्हातारा गात होता, आणि दुसऱ्या म्हाताऱ्याला यायला उशीर झाला होता. पहिला त्याच्यासाठी श्वास धरून थांबला. दुसरा आला. ती सम."

तरुण मास्तरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली, जन्मात पहिल्यांदा वेळेवर.